इंजिन थंड, डोकं गरम

रस्त्यात बंद पडलेली एस. टी. आणि पाण्यात बंद पडलेली बोट यांत मोठा फरक आहे. एस. टी. बंद पडली की उतारू खाली उतरतात, बाह्या सरसावतात, 'हं, लावा जोर' करीत फर्लांगभर गाडी ढकलतात आणि ती सुरू झाली की आपल्यामुळेच झाली अशा चेहऱ्यानं पुन्हा आपापल्या जागी जाऊन बसतात. दरम्यान कोणी जागा बळकावली असेल तर भांडतात. एकूण कार्यक्रम आनंदाचा असतो. बोट बंद पडली तर उतरायची सोय नाही. ढकलायला पायांखाली जमीन नाही. मागून येणाऱ्या गाडीला हात दाखवावा तर मागून फक्त लाटा येत असतात. उरतो एकच कार्यक्रम, तो म्हणजे सल्ला. तो मात्र जमिनीवर आणि पाण्यावर सारख्याच मुबलक प्रमाणात मिळतो.

त्यातून बोटीच्या इंजिनाला एक खास खोड असते. सकाळी ते गार असताना दोरी ओढावी, तर ते मोठ्या उत्साहानं सुरू होतं. रेस देऊन ठेवली की गर्जतं, धुराचे लोट सोडतं, धक्क्यावरचे कावळे उडवून लावतं. आपण समाधानानं रेस कमी करतो, आता धक्क्याचा दोर सोडावा म्हणून वाकतो, तोच 'फट् फट् फट्... फुस्स!' मग शांतता. कावळे परत येऊन बसतात. मेकॅनिक मंडळींच्या भाषेत याला 'स्लो पकडत नाही' असं म्हणतात. म्हणजे पळायला तयार आहे, पण जागच्या जागी उभं राहून नुसता श्वास घ्यायला तयार नाही.

वेगाचा इतिहास पुष्कळांनी लिहिला आहे. कोणती बोट किती दिवसांत अटलांटिक ओलांडून गेली, कोणी कोणाला कितीनं मागं टाकलं, सगळ्याच्या नोंदी आहेत. पण गार इंजिनाला काहीही न करता, तरीही न मरता, नुसतं चालू राहायला माणसानं कसं शिकवलं हा इतिहास कोणी मनावर घेतलेला दिसत नाही. चालू स्थितीत असूनही काहीही न करणं ही किती अवघड कला आहे हे कचेरीत तीस वर्षं काढलेल्या माणसालाच कळतं. तेव्हा हे काम मीच हाती घ्यावं हे ओघानं आलं.

कथेला सुरुवात होते जर्मनीत. स्टुटगार्टजवळच्या कान्स्टाट गावी गोटलीब डाइमलर आणि त्याचा सहकारी विल्हेल्म मायबाख ही जोडी डाइमलरच्या बागेतल्या काचघराला जोडून केलेल्या कारखान्यात इंजिनाचे प्रयोग करीत असे. रात्रंदिवस दार बंद आणि आतून ठोकाठोक. बागेच्या माळ्याला संशय आला की मालक खोटी नाणी पाडतायत. त्यानं पोलिसांत वर्दी दिली. हे दोघे घरी नसताना पोलिसांनी धाड घातली, तेव्हा सापडली ती इंजिनं! पोलिसांची केवढी निराशा झाली असेल! खोट्या नाण्यांचं काय करायचं हे कायद्यात लिहिलेलं असतं, इंजिनाचं काय करायचं हे कुठंच लिहिलेलं नव्हतं.

त्यांचं १८८५ चं इंजिन उभट होतं. लंबकाच्या घड्याळासारखं दिसतं म्हणून लोक त्याला 'आजोबांचं घड्याळ' म्हणू लागले. १८८६ मध्ये डाइमलरनं हे घड्याळ एका साडेचार मीटर लांबीच्या होडीत बसवलं आणि होडी नेकार नदीत सोडली. ती ताशी अकरा किलोमीटरच्या आसपास पळाली. पण गिऱ्हाइकं जवळ येईनात. पेट्रोल म्हणजे स्फोट एवढंच त्यांना ठाऊक. तेव्हा डाइमलरनं इंजिनावर चिनी मातीचं आवरण घातलं आणि ही होडी तेल-विजेवर चालते अशी थाप ठोकून दिली. विजेचं नाव काढताच लोकांचा जीव भांड्यात पडला. मोटारबोटीच्या इतिहासाचं पहिलं पान हे असं आहे. पुढं बोटीच्या इंजिनानं माणसाला जितक्या थापा मारल्या त्याची सुरुवात कोणी केली, हे यावरून लक्षात यावं.

गंमत म्हणजे या इंजिनात ठिणगी नव्हतीच. सिलिंडरला एक लहानशी नळी लावलेली असायची. तिचं बाहेरचं टोक बर्नरच्या ज्योतीवर लालबुंद करायचं आणि मग इंजिन फिरवायचं. आधी ऊब, मग काम! हा करार पहिल्या दिवसापासूनचा आहे. माणूस तो मधूनमधून विसरतो. इंजिन मात्र कधीच विसरत नाही.

याचं कारण समजून घ्यायला फार शास्त्र लागत नाही. ज्यांच्या घरी एके काळी पंपाचा स्टोव्ह होता त्यांना तर ते तोंडपाठ आहे. (ज्यांच्या घरी पहिल्यापासून गॅस होता त्यांनी आईला किंवा आजीला विचारावं.) स्टोव्ह पेटवायचा म्हणजे आधी स्पिरिटमध्ये बुडवलेला काकडा बर्नरला लावून तो चांगला तापवायचा, आणि मग पंप मारायचा. कारण रॉकेल जळत नाही, रॉकेलची वाफ जळते. घाईच्या माणसानं काकड्याला फाटा देऊन गार बर्नरवरच पंप मारला की पिवळा भडका छताला भिडायचा, भांडी काळी व्हायची आणि दूध राहायचं बाजूलाच. पेट्रोलचंही तेच. पेट्रोल पेटत नाही, पेट्रोलची वाफ हवेत मिसळली की ती पेटते.

आता हे मिश्रण करायचं कसं? १८९३ मध्ये मायबाखनं फवारा उडवणारा कार्ब्युरेटर केला. त्याच वर्षी बुडापेस्टच्या बांकी आणि चोंका या जोडीनंही तशाच युक्तीचं पेटंट घेतलं. त्यांना ती कल्पना एका फुलवालीवरून सुचली अशी दंतकथा आहे. ती बाई फुलांवर तोंडानं पाणी फुंकरून उडवत होती म्हणे. आपल्याकडच्या एकाही इस्त्रीवाल्यावरून ही कल्पना आपल्याला कशी सुचली नाही, याचं मला राहून राहून वाईट वाटतं. तोंडात घोट धरून शर्टावर असा फवारा मारणारे कितीतरी कार्ब्युरेटर आपल्या गल्लीबोळांतून उभे होते.

पण फवारा म्हणजे वाफ नव्हे. शर्ट आणि इस्त्री तापलेली असेल तर पाणी 'चर्र' करून उडून जातं, गार असेल तर शर्ट नुसता ओला होतो. इंजिन गार असताना पेट्रोलचे थेंब नळीच्या भिंतींना चिकटून बसतात आणि सिलिंडरपर्यंत पोचते ती बहुतेक हवाच. रेस दिलेली असते तेव्हा हवेचा झोत जोरात असतो आणि पेट्रोलही भरपूर ओढलं जातं, त्यामुळे हे खपून जातं. रेस कमी केली की हवेची झडप जवळजवळ मिटते. मुख्य तोटीतून पेट्रोल ओढण्याइतका जोर हवेत उरत नाही. मग सगळा संसार चालतो तो 'स्लो'साठी ठेवलेल्या सुईच्या नेढ्याएवढ्या भोकावर. त्यात गार ऑइल काकवीसारखं घट्ट झालेलं. म्हणजे मिळकत सर्वांत कमी आणि खर्च सर्वांत जास्त, अशा महिन्याच्या अठ्ठाविसाव्या तारखेला जे मध्यमवर्गीय माणसाचं होतं तेच इंजिनाचं होतं.

त्यावर तात्पुरता उपाय म्हणजे चोक. नाव भयंकर आहे, पण काम दयेचं करतो. हवेचं नाक दाबायचं, म्हणजे पेट्रोलचं तोंड उघडतं. ही म्हण कार्ब्युरेटर यायच्या कितीतरी आधीपासून आपल्याकडे आहे. फक्त आपण ती उधारी वसूल करण्यासाठी वापरत होतो.

आता जरा उत्तरेला जाऊ, कारण थंडीशी ज्यांचं पिढीजात भांडण आहे ते तिथं राहतात. तिकडं पोचलेलं इंजिन मूळचं इंग्लंडचं. हर्बर्ट अ‍ॅक्रॉइड स्टुअर्ट नावाच्या इंग्रजाच्या हातून म्हणे दिव्यातलं तेल वितळलेल्या कथलाच्या भांड्यात सांडलं, त्याची वाफ झाली आणि दिव्याच्या ज्योतीवर ती भपकन पेटली. दुसरा कोणी असता तर त्यानं भुवया चाचपल्या असत्या. यानं इंजिन काढलं. १८९० मध्ये त्याचं पेटंट झालं. सिलिंडरच्या डोक्यावर लोखंडाचा एक पोकळ गोळा, तो बाहेरून तापवायचा, आत तेल फवारायचं, तापलेल्या गोळ्यावर ते पेटणार. ठिणगी नको, प्लग नको, वायर नको. खाऱ्या पाण्यात या तिन्ही गोष्टींचं काय होतं ते ज्यानं पाहिलं आहे त्याला या 'नको'ची किंमत कळेल.

स्वीडनच्या बोलिंडर कंपनीनं आणि इतर पुष्कळांनी असली इंजिनं केली, आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्कच्या मासेमारी होड्या त्यांच्यावर चालल्या. पहाटेच्या काळोखात, बर्फाळ वाऱ्यात, कोळी आधी ब्लोलँप पेटवायचा. हा ब्लोलँप आपल्या स्टोव्हचा सख्खा भाऊ, आणि तसल्या प्रायमस स्टोव्हचं जन्मगावही स्वीडनमध्येच, १८९२ सालचं. कोळी ती ज्योत गोळ्यावर धरायचा आणि तो रंगावर येईपर्यंत चांगली काही मिनिटं वाट पाहत बसायचा. इंजिनाआधी आपलीच बोटं शेकून घेत असणार. मग भलंमोठं चाक हातानं हिसकलं की 'टुंक... टुंक... टुंक...' अशी संथ नाडी सुरू व्हायची. एकदा सुरू झाल्यावर ब्लोलँप विझवायचा, कारण आतल्या जाळानंच गोळा तापलेला राहायचा.

आणि इथं खरी मेख आहे. इंजिन कामाला जुंपलेलं असेपर्यंतच गोळा गरम. बंदरात येऊन नुसतं मंद चालवत ठेवलं की जाळ कमी, गोळा हळूहळू निवत जाणार आणि थोड्या वेळानं इंजिन गप्प. मग पुन्हा ब्लोलँप. म्हणजे काम दिलं तर जिवंत आणि रिकामं ठेवलं तर थंड पडून मृत. निवृत्तीच्या समारंभात वक्ते हेच सांगतात, फक्त त्यांना बोलिंडरचं नाव माहीत नसतं.

त्याहून कमाल पुढंच आहे. या जातीच्या काही इंजिनांना उलटं जायला गिअरच नव्हता. बोट मागं घ्यायची तर इंजिनालाच उलटं फिरवायचं. त्यासाठी इंजिन मुद्दाम इतकं हळू करायचं की आता मेलंच. नेमक्या त्या क्षणी तेलाची एक पिचकारी वेळेआधी सोडायची. धक्का बसून ते उलट्या दिशेनं फिरू लागायचं. क्षणभर आधी सोडली तर फुकट, क्षणभर नंतर सोडली तर इंजिन बंद आणि समोर बंदराची दगडी भिंत. मरणाच्या दारापर्यंत नेऊन तिथून परत फिरवणं हे वैद्यकशास्त्राला अजून नीट जमलेलं नाही. हे कोळी रोज संध्याकाळी, मासळीनं भरलेली होडी धक्क्याला लावताना करीत होते.

आता डिझेलसाहेब. रुडॉल्फ डिझेलनं म्हटलं, गोळा नको, ब्लोलँप नको, हवाच इतकी दाबू की ती आपोआप तापेल. विचार थोर होता. १० ऑगस्ट १८९३ रोजी आउग्सबुर्गच्या कारखान्यात पहिली चाचणी झाली, तेव्हा आतल्या दाबानं मोजमापाचं उपकरणच फुटलं आणि डिझेल थोडक्यात वाचला. १७ फेब्रुवारी १८९४ रोजी सुधारलेलं इंजिन प्रथमच स्वतःच्या बळावर फिरलं. ८८ फेरे, सुमारे एक मिनिट! काही ओढायचं नव्हतं, काही वाहायचं नव्हतं, नुसतं चालू राहायचं होतं. आपल्या इतिहासात या एका मिनिटाला सोन्याच्या अक्षरांची जागा आहे. पुढं १८९७ मध्ये त्याच्या इंजिनानं इंधनातल्या उष्णतेपैकी २६ टक्क्यांहून थोडी अधिक कामाला लावून दाखवली आणि वाफेच्या इंजिनांनी मान खाली घातली.

पण थंडीपुढं तेही नमलंच. भिंती गार असल्या की दाबून मिळवलेली उष्णता भिंतीच पिऊन टाकतात. चाल जितकी मंद तितका त्यांना प्यायला वेळ जास्त. मग तेल पेटत नाही, नुसता पांढरा धूर येतो, इंजिन अडखळतं आणि थांबतं. नॉर्वेकडच्या काही छोट्या बोट-इंजिनांसाठी तर धुमसत्या कागदाची सुरळी पेटवून आत खोचायची पद्धत होती. तिला नावही सिगारेटच पडलं होतं. सकाळी तोंडात धरल्याशिवाय ज्यांचं काहीच सुरू होत नाही अशांच्या यादीत इंजिनाचंही नाव गेलं.

स्वतः डिझेलचा शेवट मात्र हसण्यासारखा नाही. २९ सप्टेंबर १९१३ च्या रात्री अँटवर्पहून इंग्लंडला हार्विचकडे जाणाऱ्या 'ड्रेस्डेन' बोटीवर तो जेवला, सकाळी सव्वासहाला उठवा असं सांगून खोलीकडे गेला, तो पुन्हा कोणाला दिसला नाही. दहाएक दिवसांनी समुद्रात एक प्रेत सापडलं. खिशातल्या वस्तू त्याच्या मुलानं ओळखल्या. ज्या बोटीवरून तो नाहीसा झाला ती वाफेवर चालत होती.

आता एक कुटुंबवत्सल कथा. ओले एव्हिनरूड जन्मानं नॉर्वेचा, लहानपणीच आईबापांबरोबर अमेरिकेत विस्कॉन्सिनला गेलेला. एका कडक उन्हाळ्यात तो आणि त्याची बेस तलावकाठी सहलीला गेली असताना बेसला आइसक्रीम खावंसं वाटलं, अशी गोष्ट सांगतात. दुकान पलीकडच्या काठाला. ओले वल्ही मारीत गेला, वल्ही मारीत आला. तोवर आइसक्रीमचं दूध झालं होतं. सामान्य नवरा अशा वेळी 'पुढच्या वेळी घरूनच डबा आणू' म्हणतो. ओलेनं होडीच्या मागच्या फळीला अडकवायचं इंजिन केलं. त्याचं रूप पाहून बेसला कॉफी दळायच्या यंत्राची आठवण झाली म्हणे. १९०९ मध्ये ते विक्रीला आलं. दीड अश्वशक्ती, वजन ६२ पौंड. एका मित्राला चालवून बघायला दिलं, तर तो दहा नगांची मागणी घेऊन परतला. धंद्याचं सगळं बेसनं सांभाळलं. वल्ही आता फेकून द्या, अशी जाहिरात तिनंच केली आणि लोकांनी ती मनावर घेतली. त्या नावाच्या बोट-इंजिनांचं उत्पादन २०२० मध्ये थांबलं. विरघळलेल्या एका आइसक्रीमवर १११ वर्षं धंदा चालणं म्हणजे गंमत नव्हे.

त्या पहिल्या इंजिनाला न्यूट्रल नव्हतं. इंजिन सुरू झालं की होडी निघालीच. नुसतं उभं राहण्याचा प्रश्नच नसल्यामुळे उभं राहताना बंद पडण्याचाही प्रश्न नव्हता. दुसऱ्या महायुद्धानंतर असल्या इंजिनांना पुढं, मागं आणि मधे असा गिअर आला. त्यातल्या 'मधे'नं सगळा घोळ केला. गार इंजिन 'मधे' कसंबसं पुटपुटत राहतं आणि गिअर टाकल्याबरोबर पाण्याचा भार अंगावर येऊन मान टाकतं. सुखसोय वाढली की आजार वाढतात म्हणतात ते असं.

हे सगळं आपल्याकडे कधी आलं? स्वातंत्र्यानंतर. १९५२ मध्ये भारत, नॉर्वे आणि संयुक्त राष्ट्रं यांच्यात करार होऊन केरळात कोल्लमजवळ नींदकरा इथं नॉर्वेच्या मदतीनं मासेमारीचा प्रकल्प सुरू झाला. इंजिनाच्या होड्या हा त्याचा मोठा भाग होता. म्हणजे पुन्हा नॉर्वेच! पुढं १९८० नंतरच्या दशकात केरळ-तामिळनाडूच्या किनाऱ्यावर मागं अडकवायची इंजिनं झपाट्यानं पसरली. पेट्रोल महाग, म्हणून ती रॉकेलवर चालवायची. पण गार इंजिन रॉकेलला दाद देईना. तेव्हा सुरू करताना पेट्रोल, तापलं की रॉकेल आणि बंद करायच्या आधी पुन्हा थोडं पेट्रोल, म्हणजे उद्या सकाळी कार्ब्युरेटरमध्ये रॉकेल उरायला नको. पाहुण्याला आधी सरबत द्यायचं, मग पिठलं-भाकरी आणि निघताना पुन्हा सरबत. पाहुणा खूश होऊन जातो.

आपल्या कोकणात थंडी ती कसली, असं वाटेल. पण इंजिनाची थंडी वेगळी. आपल्याला ज्या हवेत घाम फुटतो ती हवाही त्याला गारच. कामाला लागल्यावर त्याला जी ऊब हवी असते तिच्या मानानं आपलं वैशाखातलं ऊनसुद्धा सावली. शिवाय आपल्याकडे पावसाळा आहे. जून-जुलैत मासेमारी बंद, होड्या किनाऱ्यावर झापाखाली. इंजिनात राहून गेलेलं पेट्रोल तोवर उडून जातं आणि मागं राळेसारखा चिकट थर ठेवून जातं. तो बसतो कुठं? तर नेमका त्या सुईच्या नेढ्यात. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ जातो, आणि दुसऱ्याच दिवशी किनाऱ्यावर इंजिनाचे नवसही सुरू होतात.

आमच्या नात्यातल्या एका गृहस्थांनी निवृत्तीनंतर खाडीत फिरायला एक होडी घेतली आणि मागं इंजिन लटकवलं. त्याला हीच खोड होती. इंजिन पाहायला सबंध वाडी लोटली. पहिल्यानं सांगितलं, "कचरा आलाय." हे निदान कधीच चुकत नाही, कारण जगात कुठं ना कुठं कचरा असतोच. दुसऱ्यानं प्लग काढून फुंकला. तिसऱ्यानं स्लोचा स्क्रू पिळून रेस इतकी चढवली की इंजिन बंद पडेना. मात्र तापल्यावर ते पिसाळल्यासारखं ओरडू लागलं आणि गिअर टाकला की 'खाडकन' आवाज होऊन होडी बेडकासारखी उडी मारू लागली. हा उपाय बहुतेक सगळे करतात. ताप उतरत नाही म्हणून थर्मामीटर फ्रीजमध्ये ठेवण्यातलाच हा प्रकार. पुढं गिअरचे दात पडतात तेव्हा त्याचं बिल येतं.

शेवटी एका म्हाताऱ्या मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी इंजिनाला हातही न लावता टाकीचं झाकण उघडून वास घेतला. "ह्या तेल कधीचा?" तेल गणपतीच्या आधीचं होतं. ते ओतून टाकायला लावलं. तळाशी पाणी होतं, तेही गेलं. मग कार्ब्युरेटर सोडवून ते बारकं भोक स्वच्छ केलं, प्लग पाहिला, रबराच्या नळ्या कुठून हवा ओढतायत का ते बोटानं चाचपलं, आणि सगळ्यांत शेवटी, इंजिन पुरतं तापल्यावर, तो पिळलेला स्क्रू पुन्हा जागेवर आणला. दुसऱ्या दिवशी पहाटे चोक लावून इंजिन सुरू केलं आणि गृहस्थ गिअरकडे हात नेऊ लागले, तसा मिस्त्रींनी तो हात धरला.

"थांबा जरा. तेका गरम होऊक दिया. उठल्या उठल्या माणूस तरी धावता काय? आधी चाय घेता, विडी ओढता, मगे कामाक लागता."

सिगारेट ओढणाऱ्या नॉर्वेच्या इंजिनांची त्यांना काही खबर नव्हती. पण बर्फातल्या कोळ्याला ब्लोलँपपुढं बसून जे कळलं, तेच मालवणी मुलखातल्या या म्हाताऱ्याला कळलेलं होतं. तीन-चार मिनिटं आम्ही गप्प उभे राहिलो. आवाज हळूहळू बदलत गेला. खोकणारं इंजिन घसा साफ करून बोलू लागलं. मिस्त्रींनी चोक आत ढकलला. इंजिन चालूच राहिलं.

नव्या इंजिनांत चोक नाही, कार्ब्युरेटरही नाही. आत एक छोटा संगणक असतो. इंजिन किती गार आहे हे त्याला एक सेन्सर कळवतो आणि त्याप्रमाणे तो पेट्रोल वाढवतो, रेस चढवतो. छान चालतं. मात्र तो सेन्सर बिघडला की संगणकाला वाटतं, इंजिन मस्त तापलंय, आणि तो पेट्रोल आखडतो. मग पुन्हा तेच, फुस्स. वातानुकूलित खोलीत बसून खाली सगळं ठीक आहे असा अहवाल वाचणाऱ्यांमुळे काय होतं हे आपण जमिनीवरही पाहतोच.

पण मिस्त्रींनी निघताना सांगितलेली गोष्ट मला या सगळ्या इतिहासाहून मोठी वाटते. ते म्हणाले की इंजिन गार असताना बंद पडतं ते कुठं? तर धक्क्यापासून सुटल्यावर, खाडीच्या तोंडाशी, जिथं खडक आहेत, ओहोटीची ओढ आहे आणि दुसऱ्या होड्यांमधून वाट काढायला रेस कमी करावीच लागते तिथं. पूर्वी बंद पडायला इंजिनच नव्हतं. शीड होतं, वल्ही होती. इंजिन आलं तसं शीड घरी राहिलं, मग काठीही उतरली, मग वल्ही जळणात गेली. आता इंजिन दोन मिनिटं रुसलं की ओढ होडीला थेट खडकावर नेते, आणि त्या दोन मिनिटांत माणसं काय करतात? तर सगळी मिळून इंजिनाची दोरी ओढत बसतात. त्यातली काही परत येत नाहीत. हे शेवटचं वाक्य ते फार हळू बोलले.

"बंद पडला तर आधी नांगर टाकूचो," ते म्हणाले, "मगे पान्याक हात लावचो."

नांगर पुढच्या टोकाला मोकळा ठेवायचा, दोर गुंतलेला नको. आणि होडीत एक जोडी वल्ही, ती असायचीच. आमच्या नातेवाइकांची वल्ही माळ्यावर होती, ती त्याच दिवशी खाली आली. बेस एव्हिनरूडच्या जाहिरातीनं लोकांनी वल्ही टाकायला सुरुवात केली त्याला शंभर वर्षं होऊन गेली. या मिस्त्रींनी विनामोबदला, एका कप चहावर, एक जोडी परत होडीत घालायला लावली. जाहिरातीपुढं हे काहीच नाही. पण ओहोटी लागलेली असताना, खडक पन्नास हातांवर असताना, एक जोडी वल्ही पुष्कळ होतात.